अंगणातलं मत

१

विल्फ गार्थवेट सापडले तेव्हा ते संसदेच्या आतल्या अंगणात, एका बंद मोटारीच्या मागच्या सीटवर ताठ बसलेले होते. डोक्यावर रुग्णालयाचा पांढरा टॉवेल होता. अंग अजून कोमट होतं, पण जीव गेला होता. आणि आत सभागृहात, त्यांच्या नावावर धरलेल्या एका मताने, सरकार नुकतंच पडलं होतं.

सार्वमताला तीन वर्षं होऊन गेली होती. युरोपातून बाहेर पडायचं हे लोकांनी थोडक्या फरकाने ठरवलं, पण कसं पडायचं यावर संसदेत कोणाचंच बहुमत जमेना. करार यायचा आणि पडायचा. घराघरांत जेवताना तो विषय काढायचा नाही असं आपोआप ठरून गेलं होतं. शेवटी त्या शरदात विरोधकांनी अविश्वास ठराव आणला आणि तो एका मताने मंजूर झाला. बरोबरी झाली असती तर सभापतींनी रिवाजाप्रमाणे सरकारच्या बाजूने मत टाकून ते वाचवलं असतं.

मी कॉरोनरच्या कचेरीत चौकशी अधिकारी आहे. कोणी अचानक मेलं की कधी, कुठे आणि कसं एवढं शोधायचं, हे माझं काम. दोष कोणाचा ते आम्ही ठरवत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये माझी बायको गेली. त्यानंतर मला घरी परतायची घाई नसायची, म्हणून मी लोकांना गरजेपेक्षा जास्त प्रश्न विचारत बसायचो.

तिथली मतदानाची तऱ्हा वेगळी आहे. घंटा वाजते, दोन मार्गिका उघडतात, होकाराची आणि नकाराची. सभासद चालत जातात आणि मोजले जातात. चालण्याइतकीही ताकद नसलेला सभासद आवारात आणला, तर दोन्ही बाजूंचे प्रतोद बाहेर येऊन त्याला बघतात. तो जिवंत आहे ना, एवढंच बघायचं. मग आत जाऊन त्याच्या नावाने मान डोलवायची. मान डोलवली की मत धरलं.

अंगणात, सभासदांच्या दाराशी, पहाऱ्यावर पर्किस नावाचा हवालदार होता. तो मला म्हणाला, "घंटा थांबेपर्यंत ते पांढरं माझ्याकडे तोंड करून होतं, साहेब. मला वाटलं, सीटच्या उशीला खोळ घातलीय." मनोऱ्याला परांची बांधलेली, तिथली मोठी घंटा दुरुस्तीसाठी मुकी केलेली, त्यामुळे मतदानाची घंटा थांबल्यावर अंगणात काहीच ऐकू येईना. तेव्हा तो जवळ गेला आणि त्याला खोळीखाली कान दिसले. गाडीला कुलूप होतं. त्याने काच फोडली. त्याच वेळी आत कामकाज संपलं होतं आणि द्वारपाल जुन्या रिवाजाप्रमाणे बोळाबोळांतून ओरडत निघाले होते, "घरी कोण जातंय? घरी कोण जातंय?"

गाडीजवळ कोण कोण गेलं होतं, असं मी विचारलं.

"दोन प्रतोद. दोघं मिळून आले, दोघं मिळून परत आत गेले. तेव्हा म्हाताऱ्याचं डोकं उघडं होतं," पर्किस म्हणाला. "त्यानंतर कोणी नाही. मी तिथून हललो नाही, साहेब."

२

उना गार्थवेट मला पुलापलीकडच्या रुग्णालयात भेटल्या. नवऱ्याच्या पायजम्याच्या घड्या घालून त्या पिशवीत भरत होत्या. त्या संध्याकाळी त्या उत्तरेला, स्केल्बीला गेल्या होत्या, कारण घरातला बंब गळत होता. स्केल्बी हे मासेमारीचं गाव, गार्थवेट तिथून बत्तीस वर्षं निवडून येत होते.

मी वेळेबद्दल बोलायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं. सकाळपासून दोन्ही पक्षांच्या माणसांचे फोन येऊन गेले होते. सरकारवाल्यांना विल्फ प्रतोदांनी मान डोलवण्याआधी मेलेला हवा होता, म्हणजे मत खोटं ठरलं असतं. विरोधकांना तो नंतर मेलेला हवा होता.

"मला त्या दोन्हींशी काही घेणं नाही," त्या म्हणाल्या. "तो रोझालिंडचा शब्द मोडायला गेला होता का, तेवढं सांगा."

मग त्यांनी जोडीबद्दल सांगितलं. रोझालिंड आस्क ही सरकारपक्षाची जुनी सभासद, डेम किताबाची. विल्फला घशाचा कर्करोग झाला आणि उन्हाळ्यात स्वरयंत्र काढून टाकलं. त्याला मतदानाला जाणं जमणार नव्हतं. तेव्हा दोघांनी हात मिळवून जोडी बांधली. विल्फ जाणार नाही, म्हणून रोझालिंडही जाणार नाही. दोन मतं एकमेकांना कापतात, कोणाचं नुकसान नाही. पूर्वी प्रतोदांच्या कचेऱ्या अशा जोड्या लावून द्यायच्या, पण सार्वमतानंतर दोन्हीकडचा भरवसा उडाला होता. ही दोघांची खाजगी जोडी होती. रोझालिंडने आपल्याला सर्दी झाल्याचं पक्षाला सांगितलं आणि ती डेव्हनच्या घरी बसून राहिली.

"आता तिचा पक्ष तिला फितूर म्हणतो," उना म्हणाल्या. "आणि ती माझ्या विल्फला काय म्हणत असेल? सार्वमतात त्याने राहायला मत दिलं, मी निघायला. तीन वर्षं आम्ही त्यावर अवाक्षर काढलं नाही. त्याने माझ्यापासून हेही लपवलं असेल, हो ना? असेल तर असू दे. पण मला कळलं पाहिजे."

नर्सने सांगितलं ते उनांच्या बाजूचं नव्हतं. पक्षाचा तरुण प्रतोद दुपारी आला, दार लावून काहीतरी बोलला. त्यानंतर म्हातारेबुवांनी स्वतः दाढी करून मागितली, टाय बांधला, डॉक्टरांच्या कागदावर सही केली आणि अंगठा दाखवत चाकाच्या खुर्चीतून गेले. जबरदस्ती अजिबात नव्हती.

मी खाटेकडे पाहिलं. उशीशेजारी लहान मुलांची असते तशी पुसायची पाटी पडली होती, खडू दोरीला बांधलेला. पाटी कोरी होती.

"ही इथे कशी?" मी विचारलं.

उनांनी पायजमा खाली ठेवला. "तो संडासलासुद्धा पाटी घेऊन जायचा," त्या सावकाश म्हणाल्या. "मग संसदेत ती न घेता कसा गेला?"

३

संसदेत तोपर्यंत वेगळंच सुरू झालं होतं. त्या इमारतीत मरायला बंदी आहे, अशी तिथल्या लोकांची जुनी समजूत आहे. कोणी मेलंच तर ते नदीपलीकडे मेलं असं सांगायचं. कायद्यात असं काही नाही, पण मी विचारलं की लोक पुलाकडे बोट दाखवायचे. झाडलोट करणाऱ्या एका बाईने रिकाम्या सभागृहात मागच्या बाकावर डोकं झाकलेला माणूस बसलेला पाहिला होता. ती मला ते सांगायला आली. मी तिला खोटं ठरवलं नाही. मलाही स्वयंपाकघरात कधी कधी कोणीतरी बसलेलं दिसतं. खोली तीच असते, फक्त बसायची सवय असलेलं माणूस नसतं.

जो तो एकच म्हणत होता. डोकं झाकतात ते मेलेल्याचं. म्हणजे कोणीतरी आधीच प्रेत पाहिलं, टॉवेल टाकला आणि मग मेलेल्याच्या नावाने मान डोलवली.

प्रतोदाचं नाव क्रिस्पिन टोलँड. तिशीचा, नीटनेटका, बोलताना टेबलावरचा फोन पालथा घालणारा. गाडी त्याचीच. तो म्हणाला की विल्फ खुशीने आले, पक्षासाठी आले. टॉवेल गळ्याच्या छिद्रातून कफ येतो म्हणून दिलेला होता. दाराला कुलूप घातलं ते त्यांनी टेकून दार उघडलं तर पडतील म्हणून. पाटी घाईत विसरली. जोडी? अशी कुठलीही जोडी प्रतोदांच्या नोंदीत नाही.

"आजारी माणसाला एकट्याला कोंडून तुम्ही आत गेलात," मी म्हणालो.

"सरकार पाडायचं होतं, मिस्टर हॅरोप. मी पण मोजला जायला हवा होतो ना?"

सरकारपक्षाकडून सर लायनेल पॅस्को बाहेर आले होते. गोल, लालबुंद, स्वभावाने चांगले. त्यांनी शपथेवर सांगितलं की विल्फ जिवंत होते, बोडके होते, आणि त्यांना बघून हसले. काच बंद होती, म्हणून सर लायनेल वाकून जरा मोठ्याने बोलले.

"काय बोललात?"

"थट्टा केली, दुसरं काय? म्हटलं, शाबास रे पठ्ठ्या, तू गळा कापून घेऊन आलास आणि आमची रोझालिंड साध्या सर्दीने डेव्हनात रजई घेऊन पडलीय." ते थांबले. "त्यानंतर त्याचं हसू गेलं. काचेवर तळवा आपटला त्याने. मला वाटलं कळ आली. टोलँड म्हणाला, होतं असं त्यांना, चला, घंटा होतेय."

मी ती गाडी पुन्हा पाहिली. न फुटलेल्या डाव्या काचेवर आतून तळव्याचा ठसा होता. घोंगडी सीटखाली पडलेली होती. म्हणजे थंडी वाजत होती म्हणून डोकं झाकलं हे खरं नाही. कोणी गारठलेला माणूस आधी घोंगडी खाली टाकत नाही. भ्रम झाला असेल म्हणावं, तर टॉवेलच्या चार नीट घड्या होत्या आणि टायची गाठ मध्यावर होती. घडीचा वळ बरोबर टाळूवर होता. मेलेल्याला झाकणारा माणूस आधी तोंड झाकतो, आणि इथे तोंड उघडं होतं. गाडीला कुलूप होतं आणि जवळ कोणी गेलं नव्हतं.

म्हणजे टॉवेल त्यांनी स्वतः ठेवला होता. घोंगडी काढून, टाय सरळ करून, ताठ बसून, मरायच्या आधी. ते मला समजलं, पण कशासाठी ते समजेना. आणि त्या संध्याकाळी अंधार पडेपर्यंत मी अंगणात उभा राहिलो तरी समजलं नाही.

४

डेम रोझालिंड आस्कचं घर डेव्हनमध्ये एका खाडीच्या काठी होतं. निवडणूक जाहीर झाली होती आणि तिच्या पक्षाने तिचं तिकीट कापलं होतं. तिने मला स्वयंपाकघरात बसवलं आणि आल्याचा केक कापला.

तिच्या बोलण्यात विल्फबद्दल राग नव्हता, आणि मला तेच जास्त वाईट वाटलं. माणूस मरायला टेकला की पक्ष आठवत असेल, असं ती म्हणाली. तिला स्वतःला काय आठवेल, सांगता येत नव्हतं. उनाला पत्र लिहावं की नाही तेही तिला कळत नव्हतं. सांत्वन केलं तर टोमणा वाटायचा.

मी तिला गाडीबद्दल अजून काही सांगितलं नव्हतं. वर्तमानपत्रांत फक्त प्रेत झाकलेलं होतं एवढंच आलं होतं. मी केक खात तिला बोलू दिलं. तुमची ओळख कशी झाली, असं विचारलं, कारण नवरा किंवा मित्र गेलेल्या बाईला मी हेच विचारतो. माझ्या बायकोबद्दल मला कोणी विचारावं असं मला वाटतं.

ती पहिल्यांदा हसली.

"आम्ही दोघं एकाच वर्षी निवडून आलो. भांडायचोच. एकदा मतविभागणी सुरू होती, घंटा वाजत होती, सगळे उभे, मार्गिकांकडे रेटारेटी. आणि विल्फला हरकत घ्यायची होती. आमच्या प्रतोदाने कोणाला तरी अडवून ठेवलं होतं. पण मतविभागणी चालू असताना हरकत घ्यायचा नियम तेव्हा काय होता माहितीये? सभासदाने बसून राहायचं आणि डोकं झाकायचं. गर्दी सगळी उभी असते, त्यात बसलेला आणि टोपीवाला सभापतींना चटकन दिसतो. त्याकरता एक घडीची उंच टोपी सभागृहात ठेवलेली असायची. ती नेमकी पार दुसऱ्या टोकाला. मग मी माझा स्कार्फ त्याच्याकडे फेकला. हा स्केल्बीचा दांडगा माणूस माझा फुलाफुलांचा स्कार्फ डोक्यावर घेऊन ताठ बसला, तोंड असं..."

ती ताठ बसून दाखवायला लागली आणि माझा चेहरा बघून थांबली.

"काय झालं?"

मी बशी बाजूला ठेवली. तो नियम अजून आहे का, असं विचारलं.

"छे, कधीच रद्द झाला. वीस वर्षं झाली. ती टोपी कुठे गेली कोणास ठाऊक. आताच्या पोरांना सांगितलं तर वेड लागलंय म्हणतील."

सर लायनेल नियम रद्द झाल्यानंतर निवडून आले होते, टोलँड तर परवाचा. अंगणात त्या वेळी हा नियम माहीत असलेलं कोणी नव्हतं.

मग मी तिला सांगितलं. घंटा वाजत होती, म्हणजे मतविभागणी चालू होती. त्यांना आवाज नव्हता, पाटी नव्हती, दार उघडत नव्हतं. ते बसलेले होते आणि त्यांनी डोकं झाकलं होतं. सभासदांच्या दाराकडे तोंड करून, कोणी जुना माणूस बाहेर येईल आणि ओळखेल म्हणून.

"ते हरकत घेत होते, डेम रोझालिंड. माझं मत धरू नका म्हणत होते."

तिने केकची सुरी पुसून खाली ठेवली. मग म्हणाली, "पण तो गेलाच का?"

५

ते मला टोलँडने सांगितलं. फार ताणावं लागलं नाही. मी एवढंच विचारलं, "डेम रोझालिंड संसदेत आल्यात, असं तुम्ही त्यांना सांगितलंत ना?"

त्याने फोन उलटा केला आणि पुन्हा पालथा ठेवला. विल्फने त्याला उन्हाळ्यातच जोडीबद्दल सांगून ठेवलं होतं, मला मोजू नकोस म्हणून. ही म्हाताऱ्यांची आपसातली सोय, तिचं पक्षावर बंधन नाही, असं टोलँडचं मत होतं. त्या दुपारी तो खाटेशी बसून म्हणाला की रोझालिंड चहाच्या खोलीत दिसली, तिने जोडी मोडली, तुम्ही मोकळे आहात. म्हणून विल्फ दाढी करून, टाय बांधून निघाले. आणि वाटेत कोणाला काही विचारता येऊ नये म्हणून पाटी मागे राहिली.

"मी गेलो तेव्हा ते जिवंत होते," टोलँड म्हणाला. "मत नियमाप्रमाणेच आहे."

त्याचं म्हणणं खरं होतं. त्या बाबतीत मी काही करू शकत नव्हतो. सर लायनेलच्या तोंडून रोझालिंड घरी आहे हे कळल्यापासून घंटा थांबेपर्यंत, तेवढ्या वेळात विल्फ गार्थवेटांचं हृदय बंद पडलं. नैसर्गिक मृत्यू, संसदेच्या आवारात, मान डोलवल्यानंतर. कॉरोनरने तसाच निकाल दिला, आणि टॉवेलबद्दल मला जे कळलं ते मी साक्षीत मोठ्याने सांगितलं. वर्तमानपत्रांना त्यात रस उरला नव्हता. मतांची नोंद दुरुस्त करायची तर ते सभागृहाने करावं लागतं, आणि निवडणुकीसाठी सभागृह बरखास्त झालं होतं. नोंद दुरुस्त करणारं कोणी उरलंच नव्हतं.

अंत्यविधी स्केल्बीला झाला. समुद्रावरून वारा इतका होता की चॅपेलचं दार दोघांनी धरून ठेवावं लागलं. रोझालिंड आस्क मागच्या रांगेत बसली. गावकऱ्यांनी तिला ओळखलं, कोणी सरकून जागा दिली नाही. विधीनंतर हॉलमध्ये चहा आणि हॅमचे सँडविच होते. उना सगळ्यांना ओलांडून सरळ तिच्याकडे गेल्या.

"सांगितलं ना तुला हॅरोपनी?"

"सांगितलं."

"मलाही शंका आली होती, बाई. नवऱ्यावर. हे तुला सांगून टाकते."

"मला पण आली होती," रोझालिंड म्हणाली.

उनांनी दोन कप चहा ओतून एक तिच्या हातात दिला. मग उनांनी विचारलं की या निवडणुकीत तू कोणाला मत देणार? रोझालिंड म्हणाली, तिकीट कापलं तरी माझ्या पक्षालाच, हाताला दुसरी सवय नाही. उना म्हणाल्या, मी विल्फच्या पक्षाला देते, कायम. तो टोलँड त्यात असला तरी. सार्वमत तेवढं सोडून.

"मग ह्या खेपेला तू घरी बस, मी पण बसते," उना म्हणाल्या आणि त्यांनी कप खाली ठेवून हात पुढे केला. "त्याचं राहिलं होतं ते."

रोझालिंडने तो हात धरला. पलीकडे कोणीतरी खोकलं.

डिसेंबरमध्ये मतदान झालं, सरकार कोणाचं आलं ते सर्वांना माहीत आहे. टोलँड वाढत्या मतांनी निवडून आला. मतदानाच्या दिवशी दुपारी मी उनांना फोन केला. कारण तसं काही नव्हतं, घरी फार शांत होतं. बंब पुन्हा गळतोय, बाहेर गारा पडतायत, असं त्या सांगत होत्या. मत द्यायला गेल्या नव्हत्या.

"आणि डेम रोझालिंड?" मी विचारलं. "त्या गेल्या नाहीत ना? फोन करून विचारलंत?"

तिकडे त्यांनी बंबाखालची बादली सरकवल्याचा आवाज आला.

"अहो हॅरोप," त्या म्हणाल्या, "विचारायचं असतं, तर मग जोडी कसली?"